मे महिन्यातली विहीर: मेंदूच्या अ‍ॅन्युरिझमनंतरचा थकवा

आमच्या वेंगुर्ल्याकडच्या घरामागे जांभ्यात खोदलेली विहीर आहे. पावसात काठावर बसून तांब्याने पाणी घ्यावं इतकी भरते. मे महिन्यात मात्र तिचा हिशेब वेगळा. सकाळी पंप सुरू केला की दहा-बारा मिनिटं पाणी येतं, मग पाइपच्या बुडाचा फूटवॉल्व उघडा पडतो आणि पंप हवा धरतो. एकदा हवा धरली की नुसतं बटण दाबून भागत नाही. वरून पाणी ओतून पंप भरून घ्या, झरा वर यायची वाट बघा, आणि त्या दिवशीचं माडांचं शिंपणं गेलंच समजा. म्हणून जाणता माणूस आठव्या मिनिटाला पंप बंद करतो. विहिरीत पाणी दिसत असताना.

हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. माझ्या ताईच्या डोक्यालाही हाच हिशेब लागू आहे, हे कळायला मात्र तिच्या ऑपरेशननंतर तीन महिने लागले. तोवर मी तिला बरंच काही ऐकवून झालं होतं.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते, डॉक्टर नाही. पण ताईच्या आजारपणात जे वाचलं, डॉक्टरांना विचारून घेतलं आणि घरात डोळ्यांनी पाहिलं, ते वर्गात सांगते तसं इथे सांगते. गोळ्या-औषधांचा निर्णय ज्याच्या त्याच्या डॉक्टरांचाच.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत ताई पडवीत बसून ओले काजू सोलत होती. डोक्यात कुणीतरी नारळ फोडल्यासारखं झालं, असं ती सांगते. मग उलट्या, मान ताठ, उजेड सहन होईना. तिला गोव्याला नेलं. मेंदूच्या रक्तवाहिनीवरचा फुगा फुटला होता. जांघेतून नळी घालून तो बंद केला आणि तीन आठवड्यांनी ती चालत घरी आली. चालत आली, बोलत होती, सगळ्यांना ओळखत होती. सोबत दिलेल्या कागदावर गोळ्यांची यादी होती, जांघेतल्या जखमेच्या सूचना होत्या, पुढच्या तारखा होत्या. थकव्याबद्दल एक ओळ नव्हती. ती असती तर आमच्या घरातली निदान चार भांडणं वाचली असती.

फुगा कुठे असतो, बंद कसा करतात

मेंदूच्या बुडाशी रक्तवाहिन्यांचं एक कडं आहे. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरांनी १६६४ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून ते विलिसचं कडं. या कड्यातून मेंदूला फाटे जातात. बागेतला जुना पाइप जिथे टी लावून फोडलेला असतो तिथेच फुगतो, तसंच इथे होतं. फाट्यापाशी रक्ताचा मारा जास्त, भिंत जरा कच्ची, आणि वर्षानुवर्षांत तिथे एक पिशवी तयार होते. कुणाची मिरीच्या दाण्याएवढी, कुणाची करवंदाएवढी. तिला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. शंभरातल्या साधारण तीन मोठ्या माणसांच्या डोक्यात असा फुगा असतो आणि बहुतेकांचा जन्मात फुटत नाही. तो वाढायला आणि फुटायला वाढलेलं ब्लडप्रेशर आणि तंबाखू मोठा हातभार लावतात. इथे तंबाखू म्हणजे फक्त विडी-सिगारेट समजू नका. आमच्याकडे सकाळी उठून बोटाने दातांना मशेरी लावणाऱ्या कितीतरी बायका स्वतःला 'निर्व्यसनी' म्हणवतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि त्यातलं निकोटिन ब्लडप्रेशर चढवतंच.

फुगा बंद करायच्या मुख्य वाटा दोन. एक म्हणजे कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावायचा. वॉल्टर डँडी या अमेरिकन सर्जनने १९३७ साली हे पहिल्यांदा केलं. याला क्लिपिंग म्हणतात. दुसरी वाट जांघेतल्या किंवा मनगटातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी डोक्यापर्यंत नेऊन फुग्यात प्लॅटिनमची केसासारखी तार गुंडाळून भरायची. हे कॉइलिंग. इटालियन डॉक्टर गुइडो गुग्लिएल्मी यांनी लॉस एंजेलिसमध्ये १९९० साली सुटी होणारी कॉइल पहिल्या पेशंटला बसवली. काहींना रक्तवाहिनीतच जाळीदार नळी बसवतात, म्हणजे रक्त फुग्यात न जाता सरळ पुढे जातं. कुणाला काय करायचं हे फुग्याच्या जागेवर, आकारावर आणि माणसाच्या वयावर ठरतं. त्यात आपण शेजाऱ्याच्या मेव्हण्याचं उदाहरण देऊन वाद घालू नये.

पाणी ओसरतं, गाळ राहतो

ताई घरी आल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकाचं वाक्य एकच. "आता बरी दिसतंस गो!" दिसतच होती. स्कॅनही चांगला होता. मग सकाळी आंघोळ करून, आंबोळी खाऊन नऊ वाजता ही बाई परत आडवी का होते?

जुलै २०२१ मध्ये चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं होतं. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना सांगायला नको, की पाणी ओसरलं म्हणजे पूर संपला असं होत नाही. गाळ उपसायचा असतो, भिंती सुकायच्या असतात, भिजलेल्या वायरिंगमधला कुठला बोर्ड कधी दगा देईल ते सांगता येत नाही. अ‍ॅन्युरिझम फुटतो तेव्हा मेंदूभोवतीच्या पाण्यात रक्त शिरतं. ते हळूहळू विरतं, पण विरताना मेंदूच्या आवरणाला आणि रक्तवाहिन्यांना चिडवत जातं. पहिल्या दोन आठवड्यांत काही रक्तवाहिन्या आवळूही शकतात. तसं झालं तरी मेंदूचं नुकसान कमी व्हावं म्हणून निमोडिपिन हे औषध सहसा २१ दिवस, दर चार तासांनी देतात. दर चार तासांनी, म्हणजे रात्रीसुद्धा. आयसीयूतला उजेड, यंत्रांचा टिकटिकाट, मध्यरात्री गोळीसाठी हलवून उठवणं. माणूस बरा व्हायला लागतो तोच झोपेचा मोठा उधार डोक्यावर घेऊन. भूल दिलेली असते, पडून राहून स्नायू ढिले झालेले असतात. फिट येऊ नये म्हणून दिलेल्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ लेव्हेटिरॅसिटॅमने, गुंगी येते आणि चिडचिडही होते.

या सगळ्यांपेक्षा मला एक गोष्ट मोठी वाटते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही म्हणून तिच्यावर जरा थांबते.

आत्ता हे वाचताना तुमच्या घरात पंखा फिरतोय, बाहेर कावळा ओरडतोय, शेजारी कुकरची शिट्टी होतेय. तुम्हाला ते ऐकू येत नव्हतं, मी सांगितल्यावर आलं. कारण निरोगी मेंदूपाशी गाळणी असते. नको ते तो दारातच अडवतो. मेंदूला इजा झाली की या गाळणीची भोकं मोठी होतात. पंखा, कावळा, शिट्टी, टीव्ही, तुमचं बोलणं, सगळं एकाच वेळी एकाच मोठेपणाने आत येतं, आणि त्यातलं एकेक ओळखून मागे ढकलायला मेंदूला खपावं लागतं. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के. खातो मात्र शरीराच्या एकूण ऊर्जेतली साधारण २० टक्के, तीसुद्धा आपण नुसते बसून असताना. त्यात दुरुस्तीचं काम चालू, आणि पूर्वी आपोआप होणाऱ्या गोष्टी आता लक्ष देऊन कराव्या लागतात. म्हणून खुर्चीत बसून चार माणसांच्या गप्पा ऐकणारा पेशंट दमतो. तो आळशी झालेला नसतो, आणि मन घट्ट करून ही गाळणी बारीकही होत नाही. 'मन घट्ट कर' हे मीच ताईला म्हणाले होते, म्हणून इथे लिहून ठेवते.

फुगा फुटायच्या आधीच सापडला आणि बंद केला, तरीही थकवा येतो. तो बहुधा कमी असतो आणि लवकर उतरतो. न फुटलेल्या फुग्याचं कॉइलिंग झालेली पुष्कळ माणसं काही आठवड्यांत कामाला लागतात. कवटी उघडली असेल तर दोन-तीन महिने सहज जातात. फुगा फुटला असेल तर हिशेब महिन्यांचा, कित्येकांचा वर्षाचा, आणि वर्षानंतरही सुधारणा चालू राहते. अशा रक्तस्रावातून वाचलेल्यांत थकवा ही सगळ्यात जास्त सांगितल्या जाणाऱ्या तक्रारींपैकी एक आहे. स्कॅनमध्ये तो दिसत नाही. स्कॅन पाइप दाखवतो.

गणपतीतली आरती

हा थकवा साध्या दमण्यापेक्षा वेगळा असतो, हे आम्हाला गणपतीत समजलं. खरं तर तोवर आम्ही विहिरीचा हिशेब शिकलो होतो, पण सण आला की माणूस शिकलेलं विसरतो.

सप्टेंबर होता. मुंबईचे चाकरमानी आलेले, घरात सतरा माणसं. ताई दिवसभर आतल्या खोलीत होती, छान होती. रात्रीच्या आरतीला म्हणाली, पाच मिनिटं येते. टाळ, मृदंग, झांजा, वर पुतण्याने आणलेली रंगीत लुकलुकणारी माळ, कापूर, आणि आमच्याकडे एक आरती म्हणून कुणी थांबत नाही. ती हात जोडून उभी होती. चौथ्या आरतीला मी तिच्याकडे पाहिलं तर चेहरा पांढरा पडलेला, नजर समईवर खिळलेली. मी दंडाला धरून आत नेलं. वाटलं, झोपेल आणि सकाळी ठीक होईल. सकाळी ती उठली तेव्हा तिला 'तांब्या' हा शब्द सापडत नव्हता. बोट दाखवून "ते, ते" म्हणत होती. आम्ही घाबरून डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी हातपाय, चेहरा, बोलणं सगळं विचारून घेतलं, जवळच्या दवाखान्यात तपासून घ्यायला लावलं. नवीन काही नव्हतं. दोन दिवस ती अंधाऱ्या खोलीत पडून होती.

साधं दमणं कामाच्या प्रमाणात येतं आणि रात्रभर झोपलं की जातं. हे दमणं एकदम येतं, लाइट जावी तसं. झोपून उठलं तरी पुरतं जात नाही. आणि त्याचं बिल पुष्कळदा दुसऱ्या दिवशी येतं, त्यामुळे कशाने दमलो तेच ध्यानात येत नाही. बोलताना शब्द अडतात, चिडचिड होते, डोळ्यांत पाणी येतं, एकच ओळ तीनदा वाचावी लागते. पेशंटच्या आधी ही लक्षणं घरातल्यांना दिसतात. ताईच्या बाबतीत खूण अशी, की ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागते. ते दिसलं की भावोजी कुणाचंही बोलणं मध्येच तोडून "चला, चहा घेऊया" म्हणत लोकांना बाहेर खळ्यात नेतात.

आठव्या मिनिटाला बंद

गणपतीच्या आधी, मे महिन्यात, एका सकाळी पंपापाशी उभी असताना मला हा विहिरीचा हिशेब सुचला, आणि त्याच दुपारी आम्ही कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत लिहायला सुरुवात केली. काय केलं, किती वेळ केलं, कधी 'लाइट गेली'. दोन आठवडे फक्त लिहिलं, काही बदललं नाही.

निघालेल्या गोष्टी आमच्या अंदाजाशी जुळल्या नाहीत. आम्हाला वाटायचं तिला चालण्याने थकवा येतो. तिला थकवत होता मिक्सर. आमच्याकडे रोज नारळाचं वाटप लागतं आणि ते ओट्यावर, तिच्या खोलीला लागून, सकाळी अकराला व्हायचं. पुढे मुंबईच्या नातेवाइकांचे व्हिडिओ कॉल, एका दिवशी सात. आणि आंघोळ. न्हाणीत वाकून, उभ्याने, गरम पाण्याच्या वाफेत. आंघोळ, केस विंचरणं आणि नाश्ता लागोपाठ झाले की नऊ वाजता विहीर तळाला.

मग बदल केले. वाटप तीन दिवसांचं एकदम, ती संध्याकाळी मागच्या अंगणात बसलेली असताना, आणि मग फ्रीजरमध्ये. न्हाणीत प्लास्टिकचं स्टूल. आंघोळ नाश्त्यानंतर तासाभराने, कधी थेट संध्याकाळी. व्हिडिओ कॉल बंद, त्याऐवजी ताईने बोलून रेकॉर्ड केलेला एक निरोप सगळ्यांना. भाजी चिरायला ती उंच स्टुलावर ओट्याशी बसते. विळीवर खाली बसलं की उठताना तिला गरगरायचं.

यातलं मर्म एवढंच, की दमल्यावर थांबायचं नाही, दमायच्या आधी थांबायचं. वीस मिनिटं बसून वाचल्यावर डोकं जड होत असेल, तर बारा-तेरा मिनिटांनी पुस्तक मिटायचं, अजून वाचवत असतानाच. मग दहा मिनिटं डोळे मिटून शांत. मोबाइल हातात घेणं ही विश्रांती होत नाही, तो दुसरा पंप आहे. आठवडाभर असं निभलं की दोन मिनिटं वाढवायची. वाढवून दुसऱ्या दिवशी त्रास झाला की परत मागे.

सगळ्यात घातक असतो चांगला दिवस. आज बरं वाटतंय म्हणून माणूस कपाट आवरतो, बाजारात जातो, दोन घरी भेटून येतो, आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. मग वाटतं, उलट बिघडतंय, आणि तो हलायचंच सोडतो. त्याने शरीर आणखी ढिलं पडतं. म्हणून चांगल्या दिवशी जास्त करायचं नाही आणि वाईट दिवशी थोडं तरी करायचं. चांगल्या दिवशी ताईला थांबवणं हे माझ्या अनुभवात सगळ्यात अवघड काम आहे, मुलांना प्रयोगशाळेत ॲसिडपासून लांब ठेवण्यापेक्षाही.

चालणं हवंच, डॉक्टरांनी मोकळीक दिल्यापासून. सपाटीवर, पाच मिनिटांपासून. आमच्याकडे घरातून बाहेर पडलं की चढ नाहीतर उतार, त्यामुळे भावोजी तिला रिक्षाने किनाऱ्यावर न्यायचे. तिथेही एक गोष्ट शिकलो. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि दुप्पट दमायला होतं. ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवरून चालावं. ऊन असेल तर पाण्यावरची चकाकी डोळ्यांना झोंबते, टोपी आणि गॉगल हवाच, लोक हसले तर हसू देत. फिट येण्याचा धोका आहे तोवर समुद्रात किंवा नदीत एकट्याने उतरणं, विहिरीच्या काठावर वाकून पाणी काढणं, शिडीवर चढणं नको. गाडी चालवणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. वजन उचलायचं कधी हेही त्यांच्याकडून ठरवून घ्या. भरलेली कळशी हे वजनच असतं, हे बायकांना मुद्दाम सांगावं लागतं.

दुपारची झोप घ्यावी, पण बेताने. पहिले काही आठवडे शरीर मागेल तेवढी द्या. पुढे मात्र वीस ते तीस मिनिटं, गजर लावून, तीनच्या आत. ताई पहिल्यांदा तीन-तीन तास झोपायची आणि मग रात्री दोन वाजता कौलं मोजत बसायची. रात्री घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, झोपेतला तो एक वेगळा आजार असतो आणि त्याने दिवसभर थकवा येतो.

उन्हाळ्यात आमच्याकडे घामाने माणूस बसल्या जागी सुकतो, आणि पाणी कमी पडलं की डोकंही दुखतं, थकवाही वाढतो. पाण्याची बाटली समोर ठेवलेली बरी. खारा बांगडा, सुकट, लोणचं, पापड यांतलं मीठ ब्लडप्रेशरवाल्यांना बाधतं. पण या आजारात काहींच्या रक्तातलं सोडियम खाली जातं, त्यामुळे ऐकीव माहितीवर मीठ एकदम तोडूही नये, आधी विचारावं. ताजे मासे, डाळ, अंडं, पालेभाजी वेळच्या वेळी. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्याने डोक्यावर ताण येतो.

भेटायला येणारी माणसं

आजारी माणसाला भेटायला न गेलं तर आपल्याकडे वर्षभर बोललं जातं. त्यामुळे येतात, शहाळी घेऊन येतात, प्रेमाने येतात, आणि आठ जण खाटेभोवती बसून आपापल्या ओळखीतले असेच आजार सांगतात. आम्ही शेवटी सांगून टाकलं. चार ते पाच, एका वेळी दोघं, पंधरा मिनिटं. बाकीच्यांची बैठक खळ्यात, चहासकट. दोन घरं रुसली. एक चुलत काकी म्हणाल्या, "कौल लावून बघा, काय बाहेरचा आसात तर." भावोजींनी रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला. कुणाचं काही बिघडलं नाही. गोळी मात्र त्या दिवशीही आठ वाजताच घेतली.

गोळीवरून आठवलं. ज्यांना जाळीदार नळी किंवा स्टेंट बसवलाय त्यांना बहुधा ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या असतात. दात काढायचा म्हणून किंवा 'बरं वाटतंय' म्हणून त्या परस्पर बंद केल्या तर नळीत गुठळी होऊ शकते. आणि गावात कंबर दुखली की डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घ्यायची जी सवय आहे, ती या गोळ्यांबरोबर रक्तस्राव ओढवू शकते. कुठल्याही डॉक्टरकडे जाताना आधी ऑपरेशनचं सांगायचं. क्लिप, कॉइल कुठली बसवली त्याचं कार्ड मिळतं, त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. एमआरआयच्या वेळी ते विचारतातच.

थकव्याच्या नावाखाली दुसरंच काही

आम्ही सगळंच ऑपरेशनवर ढकलत होतो. पाचव्या महिन्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी आणि बी-१२ फारच खाली. श्रावण-चतुर्मास पाळणारी ताई, मासे कमीच खायची. ते भरून काढल्यावर थकवा गेला नाही, पण तळ थोडा वर आला. म्हणून थकवा लांबला तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर, सोडियम यांबद्दल डॉक्टरांना विचारा. काही जणांत मेंदूच्या बुडाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचं काम मंदावतं आणि हार्मोन कमी पडतात, तेही तपासता येतं. गोळीने गुंगी येत असेल तर तसं स्पष्ट सांगा, वेळ किंवा औषध बदलता येतं. स्वतःहून सोडू नका. आणि मन. मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाला भीती वाटते, प्रत्येक डोकेदुखीला छातीत धस्स होतं, कशातच रस उरत नाही. थकवा आणि उदासी बाहेरून सारखीच दिसतात. उदासीवर उपचार आहेत, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात लपवण्यासारखं काही नाही.

काही गोष्टींत वाट बघायचीच नाही. अचानक आलेली भयंकर डोकेदुखी, फिट, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, हाक मारली तरी नीट जाग न येणं, ताप येऊन मान ताठ होणं, डोक्याच्या जखमेतून पाणी किंवा पू, जांघेत वाढती सूज किंवा रक्त. लगेच १०८. आणखी एक, जे सावकाश येतं म्हणून निसटतं. चाल बिघडत जाणं, पाय जमिनीला चिकटल्यासारखे वाटणं, लघवी न कळता होणं, दिवसेंदिवस जास्त झोपाळू होणं. मेंदूतलं पाणी साठत असल्याची ती खूण असू शकते, आणि ते पाणी काढून देता येतं. गणपतीनंतर ताईचा शब्द अडला तेव्हा आम्ही 'दमली असेल' म्हणून गप्प बसलो नाही, ते बरोबरच केलं.

तपासणीच्या प्रवासाचाही हिशेब ठेवावा लागतो. साधारण सहा महिन्यांनी कॉइल नीट बसलीय का ते बघायला बोलावतात. पहिल्या खेपेला आम्ही पहाटे निघून, हायवेचे खड्डे खात, रात्री परत आलो. चार दिवस ती उठली नाही. पुढच्या वेळी आदल्या दिवशी गेलो, बहिणीकडे राहिलो, कानात कापूस, पाठीमागच्या सीटवर आडवी, आणि परतल्यावरचा दिवस कॅलेंडरवर आधीच काट मारून कोरा ठेवलेला.

ताई पतसंस्थेत कामाला होती. आकड्यांचं काम. सातव्या महिन्यात तिने दिवसाआड दोन तास जायला सुरुवात केली, सकाळी, काउंटरवर न बसता मागच्या टेबलावर. एकच काम हातात, फोन दुसऱ्याकडे. मॅनेजर समजूतदार निघाले, सगळ्यांचे निघत नाहीत. अशा वेळी डॉक्टरांकडून 'टप्प्याटप्प्याने काम' असं लिहून आणलं तर बोलायला सोपं जातं. आता ती रोज चार तास जाते. पूर्ण दिवस जमेल की नाही ते तिने ठरवलेलं नाही, आणि आम्ही विचारत नाही.

कालनिर्णय यंदाचं नवीन आलं, पण लिहायची सवय राहिलीय. परवा मी सहज पान उलटून पाहिलं. मंगळवारच्या चौकटीत तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'बाजार. मासे मीच घेतले, घासाघीस करून. सौंदाळे महाग. अर्ध्या तासात परत. दुपारी झोपले, गजराच्या आधी उठले. मिक्सर मी लावला, दार लोटून.'